अ‍ॅग्रव्हेटची मिसाल

पुंडलिकनगरातल्या आमच्या गल्लीत लग्नपत्रिका कुणी फेकून देत नसे. लग्न आटोपलं, पाहुणे पांगले, की घरातल्या सगळ्या पत्रिका मुन्शीजींच्या दारात नेऊन द्यायच्या असा रिवाज पडला होता. ते पत्रिका हातात घेत, चष्मा कपाळावर चढवून नवरा-नवरीची नावं वाचत, "खुश राहोत" म्हणत आणि लगेच कात्रीने तिचे चार तुकडे करत. नवीन राहायला आलेल्या माणसाला हे अपशकुनी वाटे. मलाही वाटलं होतं. पण त्यांना पत्रिकेची मागची कोरी बाजू हवी असायची. तिथे वर एक इंग्रजी शब्द, त्याखाली त्याचा उर्दूतला अर्थ, त्याखाली मराठीतला आणि अगदी तळाला 'मिसाल', म्हणजे उदाहरण. अशा चिठ्ठ्यांनी भरलेले बुटांचे सात-आठ खोके त्यांच्या पलंगाखाली होते.

त्यांचं खरं नाव दत्तात्रय लासूरकर. घरात पिढ्यान्‌पिढ्या पूजाअर्चा, पण शाळा झाली उर्दूतून, कारण तेव्हा राज्य निजामाचं. कोवळ्या वयात वैजापूरच्या तहसिलीत चिकटले आणि उर्दू कागद लिहू लागले. तेव्हापासून ते मुन्शीजी. मी त्यांना पाहिलं तेव्हा ते रिटायर होऊन बरीच वर्षं झाली होती, शहराचं नाव अजून औरंगाबादच होतं आणि वाळूजला एकामागून एक कारखाने उभे राहत होते. एप्रिलच्या उन्हातही ते गळ्यापर्यंत बटणं लावलेला लांब कोट घालत. शेंबड्या पोरालाही अहो-जाहो करत. आणि कुणी आपलं दुखणं सांगायला लागलं की उठून उभे राहत. काकू, म्हणजे त्यांची बायको, म्हणायच्या, "बसून ऐकलं तर कान बंद होतात का तुमचे?" ते उभ्यानेच म्हणत, "साहेब बसून ऐकतो. मुन्शी उभा असतो."

गल्लीतल्या लोकांचे इंग्रजी अर्ज ते फुकट लिहून देत. मीटर जास्त पळतंय, पोराची जन्मतारीख चुकलीय, बदली हवीय, असे अर्ज. मी पालिकेच्या शाळेत मास्तरीण, मला कामापुरतं इंग्रजी वाचता येई, लिहिताना मात्र घाम फुटे. त्यामुळे मीही दोनदा त्यांच्याकडून लिहून घेतलं होतं. पण ते काम सोपं नव्हतं. शब्द लिहिण्याआधी ते मिसाल मागत. माझ्या अर्जात 'हार्डशिप' लिहायचं होतं, तर म्हणाले, "कुठली हार्डशिप? पाहिलेली सांगा." मी म्हटलं, "काका, दोन बस बदलून शाळेत जावं लागतं." ते म्हणाले, "ही तर तकलीफ झाली. हार्डशिप अजून लांब आहे." आणि तकलीफीपुरताच शब्द घातला. बदली झाली नाही.

या मिसालीच्या खुळामागे एक गोष्ट होती, ती त्यांनी मला तीन वेळा सांगितली. पोलीस अ‍ॅक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं आणि तहसिलीत मद्रासकडचे एक साहेब आले. त्यांना ना उर्दू येई ना मराठी. कालपर्यंत ज्यांच्या अक्षराची तारीफ व्हायची ती सगळी माणसं एकदम अडाणी ठरली. मुन्शीजींनी जुन्या बाजारातून इंग्रजी-उर्दू कोश आणला आणि पानंच्या पानं घोकली. एका गावच्या पाण्याच्या भांडणावर मोठ्या ऐटीत इंग्रजी रिपोर्ट लिहिला. साहेबांनी बोलावून एका शब्दावर बोट ठेवलं आणि दुभाष्याकरवी विचारलं, "हे तू स्वतः पाहिलंस का?" मुन्शीजींना सांगता येईना. पाहिलं नव्हतं, कोशात सापडलं होतं. साहेब रागावले नाहीत, नुसता रिपोर्ट परत दिला. "रागावले असते तर बरं झालं असतं," असं मुन्शीजी दर वेळी म्हणत. तेव्हापासून न पाहिलेला शब्द लिहायचा नाही, असं त्यांनी ठरवून टाकलं.

शब्द नवे शिकले, पण अर्जाची रीत त्यांनी जुनीच ठेवली. जुन्या कचेरीत म्हणे अर्जदाराने आधी आपली कसूर कबूल करायची आणि मग मागणं मांडायचं. तोच अदब. मुन्शीजी इंग्रजीतही तसंच लिहीत. गल्लीची गटार तुंबली तेव्हा पालिकेला त्यांनी जो अर्ज केला, त्याची सुरुवात होती की आम्ही रहिवासी गटारीत खरकटं आणि राख टाकतो, ही आमची कसूर आहे. आठ दिवसांत सगळ्या घरांना कचऱ्याबद्दल नोटिसा आल्या. गल्ली मुन्शीजींवर खवळली. समोरचे बँकेतले कुलकर्णी तर त्यांच्याशी महिनाभर बोलले नाहीत. त्यानंतर माणसं आली आणि गटार असं साफ करून गेली की पुन्हा दोन वर्षं तुंबली नाही. मग गल्लीला कळेना की चिडायचं की आभार मानायचे. मला त्यांच्याबद्दल कायम असंच व्हायचं.

त्या सगळ्या खोक्यांत एकच चिठ्ठी अशी होती जिची मिसाल कोरी होती. 'अ‍ॅग्रव्हेट'. उर्दू अर्थ लिहिलेला, मराठीत 'चिघळवणे' लिहिलेलं, खाली काही नाही. ती चिठ्ठी ते कोटाच्या आतल्या खिशात ठेवत आणि भेटेल त्याला मिसाल मागत. काकूंनी सांगितलं, "तुम्ही मला रोज करता तेच." ते म्हणाले, "ते चिडवणं झालं. माणूस चिडतो, अ‍ॅग्रव्हेट होत नाही. आधी काहीतरी बिघडलेलं पाहिजे. मग कुणीतरी त्याला हात लावून अजून बिघडवलं पाहिजे. दोन्ही पाहिजे." कुलकर्णी पेपर घेऊन आले आणि दाखवलं की इंग्रजी पेपरात एका पुढाऱ्याने दुसऱ्याला अ‍ॅग्रव्हेट केलंय, म्हणजे चिडवलंच आहे. मुन्शीजींनी ती बातमी दोनदा वाचली. मग म्हणाले, "पेपरवाल्याला घाई असते." कुणी खाजवून वाढवलेलं गळू सांगितलं, तर यांचं म्हणणं, ते आपोआपही वाढलं असतं, हाताने वाढलं हे कशावरून? असं प्रत्येक उदाहरण ते परत पाठवत. चाळीस वर्षं तो शब्द त्यांनी एकाही अर्जात लिहिला नव्हता.

मग अंकुशचं प्रकरण झालं.

अंकुश माझा धाकटा भाऊ. आमचं गाव वैजापूरजवळ. घरची जमीन कोरडी, म्हणून तो आमच्याकडे राहून वाळूजच्या एका कारखान्यात प्रेस शॉपला कामाला लागला होता. पत्र्याचे गठ्ठे उचलून मशीनवर ठेवायचे, दिवसभर. दोन वर्षांत त्याची पाठ धरली. शिफ्टच्या बसमधून उतरताना दांडी धरून एकेक पाय खाली टाकायचा. डॉक्टरांनी सांगितलं, वजन बंद. कारखान्यात तपासणीचं बाक होतं, तिथे बसून माल बघायचं काम असे. त्याच्या खात्यातल्या दोघांना ते मिळालं होतं. ते मिळालं नाही तर एक तर पाठ जाणार होती नाही तर नोकरी. मी त्याला मुन्शीजींकडे घेऊन गेले.

मुन्शीजी उभे राहिले. "कधीपासून दुखते?"

अंकुश म्हणाला, "खरं सांगू का काका? आधीपास्नं दुखती. वैजापूरच्या मोंढ्यात कांद्याची पोती उचलायचो ना मी, तव्हाच उसण भरायची. पन लई नाय. इथं येऊन पार गेली."

"भरती होताना सांगितलं होतं?"

"नाय. फारमवर सही केली, आजार नाय म्हनून. समदेच करत्यात."

"वाकून दाखवा," मुन्शीजी म्हणाले.

अंकुश त्यांच्या पाया पडायला म्हणून वाकला. हात गुडघ्यापर्यंत गेले आणि तिथेच थांबले. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मुन्शीजींनी त्याला खांद्याला धरून सरळ केलं. मग खिशातून ती चिठ्ठी काढली, तिच्याकडे पाहिलं, परत ठेवली आणि अर्ज लिहायला बसले.

अर्ज मी वाचला. पहिल्याच परिच्छेदात होतं की माझी पाठ नोकरीआधीपासून दुखत होती आणि मी ते भरतीच्या वेळी लपवलं, ही माझी कसूर. दुसऱ्या परिच्छेदात होतं की कारखान्याच्या कामाने ते दुखणं अ‍ॅग्रव्हेट झालं. तिसऱ्यात बाकाची मागणी. मी म्हटलं, "काका, आधीचं कशाला लिहायचं?"

"बाई, आधीचं नाही लिहिलं तर अ‍ॅग्रव्हेट लिहिता येत नाही. नसलेलं दुखणं वाढत नाही. आणि लपवून मागितलं तर देणाऱ्याचा हात आखडतो."

मला ते पटलं नव्हतं. तरी त्यांचं अक्षर इतकं सुंदर होतं आणि ते इतक्या खात्रीने बोलत होते की मी गप्प बसले. अंकुशला इंग्रजी येत नव्हतं. त्याने माझ्याकडे बघितलं, मी मान हलवली, त्याने सही केली. ही गोष्ट मी पुढे दोन वर्षं कुणालाही सांगितली नाही.

दहाव्या दिवशी कागद आला. भरतीच्या वेळी माहिती लपवल्याचं तुम्ही स्वतःच कबूल केलं आहे, खुलासा द्या, चौकशी होईपर्यंत कामावर येऊ नका.

मुन्शीजींनी तो कागद वाचला आणि म्हणाले, "त्यांना शब्द कळला नसणार. मी जाऊन सांगतो." मी अर्धी रजा टाकली आणि आम्ही तिघं वाळूजला गेलो. त्या उन्हात लांब कोट घातलेला म्हातारा गेटवर बघून वॉचमनला वाटलं, कुणी बडे पाहुणे आले. त्यामुळे आत तरी सोडलं. कागद काढणारे साहेब तिशीतले होते, बोलायला फार नम्र. त्यांनी चहा मागवला. मुन्शीजी बसले नाहीत. उभ्यानेच त्यांनी अ‍ॅग्रव्हेटचा अर्थ समजावून सांगितला, दोन अटींसकट. आधीचं दुखणं पाहिजे, आणि दुसऱ्याचा हात पाहिजे.

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. "काका, शब्द अगदी बरोबर आहे तुमचा. पण आमच्याकडे पहिला परिच्छेद वाचून फाइल कुठं जाणार ते ठरतं. पहिल्यात दुखणं असतं तर ती डॉक्टरकडे गेली असती. आता चौकशीत गेली. तिथून मला परत आणता येत नाही."

"म्हणजे कसूर शेवटी लिहायची?"

"कसूर लिहायचीच नाही, काका."

मुन्शीजींनी माझ्याकडे पाहिलं, जणू मी दुभाषी होते आणि साहेबांची भाषा मला तरी कळली असेल. बाहेर येऊन बसची वाट पाहताना ते पहिल्यांदाच आमच्यासमोर खाली बसले, फुटपाथवर, कोटासकट. म्हणाले, "कसूरच नाही लिहिली तर अर्जदार माणूस कसा आहे, हे त्यांना कळणार कसं?" अंकुश तोंड फिरवून रस्त्याकडे बघत होता.

नोकरी गेली. गावाला परत जायच्या दिवशी अंकुश पिशवी घेऊन मुन्शीजींच्या फाटकाशी थांबला आणि सगळ्या गल्लीसमोर म्हणाला, "तुमच्या एका कागदानं माझं वाटोळं झालं." मुन्शीजी ओट्यावर उभे होते. ते फक्त "व्हय" म्हणाले. इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून मी व्हय ऐकलं नव्हतं, तेवढंच एकदा. त्यानंतर त्यांनी अर्ज लिहिणं सोडलं. कुणी आलं तर "हात बिघडलाय" म्हणत. पत्रिका दाराशी साठत गेल्या आणि काकू त्या चूल पेटवायला घेऊ लागल्या.

मला त्यांचा राग आला होता, हे कबूल करते. मी त्यांच्या घरावरून मान खाली घालून जात असे. पण पुढे जे झालं त्याने माझा राग कुठे ठेवावा हेच मला कळेना. अंकुशला वैजापूरच्या मार्केट यार्डात एका कांदा व्यापाऱ्याने गेटवर बसवलं, आलेल्या गाड्यांच्या चिठ्ठ्या लिहायला. बसून काम. रोज सकाळी तो विहिरीत पोहू लागला. वर्षभरात पाठ सुटली, दीड वर्षात तो घराच्या कौलांवर चढून डागडुजी करू लागला. तिकडे वाळूजला ते तपासणीचं बाकच बंद झालं आणि बाकावरच्या सगळ्यांना पुन्हा पत्र्याच्या गठ्ठ्यांवर धाडलं. त्यांच्यातला एक कमरेला पट्टा बांधून घरी पडून आहे, असं कळलं. आता सांगा, त्या अर्जाने अंकुशचं बिघडवलं की सुधारलं? मी शाळेत मुलांना गणित शिकवते, पण हे गणित मी कितीदा मांडलं तरी उत्तर दर वेळी वेगळं येई.

एकदा काकूंना ताप होता म्हणून मी पेज घेऊन गेले. मुन्शीजी बाहेर गेले होते, कोट खुंटीला होता आणि ती चिठ्ठी उशाशी पडली होती. मिसाल आता कोरी नव्हती. त्या सुरेख अक्षरात लिहिलं होतं, 'अंकुशरावांचं आधीच बिघडलेलं होतं. मी अर्ज लिहिला.' बस, एवढंच. मी चिठ्ठी परत ठेवली आणि पेज गरम करायला उठले.

ते आल्यावर मी सांगून टाकलं. "काका, त्याची पाठ बरी आहे. चांगला हिंडतो-फिरतो."

"तुम्ही बहीण आहात. माझं मन राखायला म्हणताय."

"खरंच सांगते."

"असेल. पण पाहिल्याशिवाय खोडता येत नाही."

मी अंकुशला निरोपावर निरोप धाडले. तो म्हणाला, त्या म्हाताऱ्याचं तोंड बघणार नाही. तो औरंगाबादला येई तेव्हाही आमच्या गल्लीत येत नसे, मला स्टँडवर बोलावून घेई. अशात मुन्शीजींच्या मुलीने ठरवलं की आईवडिलांना नांदेडला न्यायचं. घर विकलं, तारीख ठरली. मग मी अंकुशला पत्र लिहायला बसले. मराठीतच लिहिलं, पण रीत मुन्शीजींची घेतली. आधी कसूर. मी लिहिलं, 'तो अर्ज मी वाचला होता. मला इंग्रजी वाचता येतं. पहिला परिच्छेद मला खटकला होता आणि तरी मी मान हलवली. तू माझ्या मानेवर सही केलीस. ही माझी कसूर.' त्याखाली मागणं, 'रविवारी ते जाणार आहेत, एकदा येऊन जा.' पेटीत टाकल्यावर वाटलं, हा काय मूर्खपणा केला, आता तो माझंही तोंड बघायचा नाही.

रविवारी टेम्पो भरत होता. बुटांचे खोके सुतळीने बांधून ठेवले होते. अंकुश गल्लीच्या तोंडाशी दिसला. माझ्याशी काही बोलला नाही, सरळ मुन्शीजींपुढे जाऊन उभा राहिला. मुन्शीजी खुर्चीत बसले होते, ते उठून उभे राहिले.

"पाठ?" त्यांनी विचारलं.

अंकुश वाकला. हात गुडघ्यांच्या खाली गेले, पावलांपर्यंत पोचले, कपाळही टेकलं. कुठेही न धरता तो उठला.

"पुन्हा," मुन्शीजी म्हणाले.

अंकुश पुन्हा वाकला, पुन्हा उठला.

"अजून एकदा. सावकाश."

तिसऱ्या वेळी मुन्शीजी स्वतः खाली झुकले आणि त्याच्या वाकलेल्या पाठीवर हात ठेवून मणके चाचपत राहिले, मानेपासून कमरेपर्यंत. अंकुश तसाच वाकून राहिला, हलला नाही. खाली बघतच म्हणाला, "दुखत नाय काका. लई दिस झाले, दुखत नाय." मी भिंतीकडे तोंड करून पदर डोळ्यांना लावला.

मग मुन्शीजींनी खिशातून चिठ्ठी काढली, टेम्पोच्या पत्र्यावर ठेवून पेनाने ती दोन वाक्यं खोडली. एकदा आडवी, एकदा तिरकी. शाई वाळेपर्यंत फुंकर घातली. म्हणाले, "चाळीस वर्षांत एकच सापडली होती. तीही गेली."

काकूंनी त्यांना हाताला धरून पुढच्या सीटवर बसवलं. टेम्पो निघाला. खिडकीतून ते आमच्याकडे वळून बघत होते, ओठ हलत होते, चष्मा कपाळावर होता. वळणावर टेम्पो दिसेनासा झाला. पुढच्या पावसाळ्यात नांदेडहून ते गेल्याचं पत्र आलं, म्हणजे मी त्यांना पाहिलं ते तेवढंच शेवटचं.

आम्ही दोघं रस्त्यात उभे होतो. अंकुशने विचारलं, "आक्का, काका हसत व्हते का रडत व्हते?"

"मला नाही कळलं रे," मी म्हटलं.

"मलाबी नाय," तो म्हणाला, आणि मुन्शीजींच्या दाराशी राहून गेलेल्या पत्रिका उचलायला सहज खाली वाकला.